‘सेंद्रिय’ म्हणजे काय ?

“बाजारांत ‘सेंद्रिय गूळ’ अशी पाटी आहे, मग बाकीचा गूळ निरिंद्रिय कीं काय?” असा प्रश्न परवां आमच्या वर्गांत एकानें केला. सर्व हंसले, परंतु उत्तर कोणासच देतां येईना. व्याख्या तर आम्हां सर्वांना मुखोद्गत होती !

शब्द जुना आहे. सेंद्रिय तें सचेतन द्रव्य व निरिंद्रिय तें अचेतन, असा भेद चरकसंहितेंत केलेला आहे. इंग्रजी ‘ऑर्गॅनिक’ शब्दाच्या मुळाशींहि शरीराचें इंद्रिय हाच अर्थ असल्यानें भाषांतर चांगलें जुळलें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं स्वीडनच्या बर्झेलियसनें हें नांव रसायनशास्त्रांत रूढ केलें. साखर, तेल, युरिया असले पदार्थ सजीवांच्या देहांत एका जीवशक्तीनेंच घडतात, मनुष्याच्या हातून ते होणें नाहीं, अशी तेव्हां समजूत होती.

१८२८ सालीं, बर्झेलियसजवळच शिकलेल्या व्होलरनें अमोनियम सायनेट आटविलें, तों पांढरे स्फटिक मिळाले. ते निघाले मूत्रांतील युरियाचे ! मूत्रपिंड नाहीं, प्राणी नाहीं, आणि युरिया मात्र हजर. जीवशक्तीची कल्पना त्याच दिवशीं मेली असें सांगतात, तें आम्हांस पटत नाहीं. कारण त्याचें सायनेटच मुळीं प्राणिज पदार्थांतून आलें, असें म्हणावयास जागा होती. १८४५ मध्यें कोल्बेनें शिरक्यांतील आम्ल निरिंद्रिय द्रव्यांपासून पायरीपायरीनें बनविलें, तेव्हां ती पळवाटहि बुजली. पुढें १८६१ च्या आपल्या ग्रंथांत केकुलेनें ‘कार्बनच्या संयुगांचें रसायनशास्त्र’ अशी व्याख्या केली. अर्थ बदलला, नांव राहिलें.

आतां गंमत पाहा. शेतकरी पोत्यांतून आणतो तो युरिया कारखान्यांत अमोनिया व कार्बन डायऑक्साइड यांपासून होतो. रसायनशास्त्रांत तो सेंद्रियच. सेंद्रिय शेतींत मात्र त्यास मज्जाव! कारण तेथें शब्दाचा अर्थ निराळा. शेत हें एक सजीव शरीरच आहे, अशा कल्पनेनें इंग्लंडच्या लॉर्ड नॉर्थबोर्न यांनीं १९४० सालच्या आपल्या पुस्तकांत तो शेतीस लाविला.

कित्येक म्हणतात, हा घोटाळा नको, ‘कार्बनी’ म्हणा. दहावीच्या पाठ्यपुस्तकांत ‘कार्बनी संयुगें’ असें नांव आलेंहि आहे. आम्हांस हें पुरतें मान्य नाहीं. धुण्याच्या सोड्यांत कार्बन आहे, चुनखडींत आहे, आपल्या उच्छ्वासांतील वायूंत आहे. तरी त्यांस या शाखेंत कोणी बसवीत नाहीं. म्हणजे नवें नांवहि सर्वस्वीं बिनचूक नव्हेच. जुन्या नांवांत निदान एका मोठ्या चुकीची व ती उघडकीस आल्याची आठवण आहे. तेव्हां ‘सेंद्रिय’ राहूं द्यावें. मात्र गुरुजनांनीं व्याख्या घोकून घेण्यापूर्वीं व्होलरची हकीकत अवश्य सांगावी, एवढी आमची विनंति आहे. दोन गुणांसाठीं पाठ केलेली व्याख्या गुळाच्या एका ढेपेपुढें कशी लटकी पडते, हें आम्हीं पाहिलेंच !

राहिला तो गूळ. त्यांतील साखर कोणत्याहि दुकानांत सेंद्रियच असते. पाटीवरचा शब्द बोलतो तो उसाच्या शेताविषयीं.