बपेऱ्याचा रस्ता कोणाचा?

तुमसरहून सिहोऱ्यावरून निघालेला रस्ता बपेऱ्याशी बावनथडीच्या पुलावर येऊन महाराष्ट्रापुरता संपतो. पलीकडे मध्य प्रदेशचा बालाघाट जिल्हा. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यपुनर्रचना झाली तेव्हा भंडारा मुंबई राज्यात आला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तोवर दोन्ही काठ एकाच प्रांतात नांदत होते. त्याही आधी, १८६७ साली, बालाघाट जिल्हा निर्माण झाला तो काही अंशी भंडाऱ्याचाच मुलूख तोडून. नदीने राज्ये वेगळी केली, सोयरिकी वेगळ्या केल्या नाहीत. पोवारी बोली, धानाची शेती आणि दिवाळीनंतरची मंडई ही दोन्ही तीरांवर सारखीच आहेत.

या रस्त्याच्या आसपास पाहण्याजोगे पुष्कळ आहे. सिहोऱ्याजवळ चांदपूरचा विस्तीर्ण जलाशय आणि हनुमानाचे देवस्थान आहे. तुमसरच्या उत्तरेकडे सातपुड्याचे फाटे सुरू होतात, तेथे आंबागडचा किल्ला आहे; पुढे महाशिवरात्रीच्या यात्रेचे गायमुख, आणि नाकाडोंगरी-लेंडेझरीच्या बाजूस साग, मोह, तेंदू यांचे जंगल. आंबागड इ. स. १७०० च्या सुमारास देवगडच्या गोंड राजाचा, बख्त बुलंदशहाचा, सुभेदार राजाखान पठाण याने बांधविला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला व तेथे कैदी ठेवले जाऊ लागले. गोंड राजा, पठाण सुभेदार आणि मराठा धनी अशी या एकाच किल्ल्याची वंशावळ आहे. इतिहासाचे शुद्धीकरण करावयास निघालेल्या मंडळींनी एकदा हा चढ चढून पाहावा. निदान दम तरी लागेल.

अशा मुलखातून सायकलने हिंडावे, ही हौस गेल्या पंधरा-वीस वर्षांत शहरी सुखवस्तू वर्गात वाढली आहे. रविवारी पहाटे शिरस्त्राण घालून, हलक्या धातूच्या गीअरच्या सायकलींवर निघालेले तांडे नागपूरच्या आसपासही दिसू लागले आहेत. तेव्हा बपेरा, चांदपूर, तुमसर, आंबागड, गायमुख असा एखादा सायकलमार्ग आखावा, फलक लावावेत, पर्यटक आणावेत, ही कल्पना कोणालाही सुचेल. ती वाईट नाही. प्रश्न एवढाच आहे की, तो मार्ग कोणाच्या चाकाचा विचार करून आखला जाणार.

समाजवाद्यांना ही हौस परकी वाटण्याचे कारण नाही. इंग्लंडात रॉबर्ट ब्लॅचफर्ड यांच्या ‘क्लॅरियन’ या समाजवादी साप्ताहिकाच्या वाचकांनी १८९४ साली बर्मिंगहॅम येथे सायकल मंडळ काढले. गिरणी-कारखान्यांतले तरुण स्त्रीपुरुष सुटीच्या दिवशी खेडोपाडी जात, निसर्ग पाहत आणि जाता जाता पत्रके वाटत. जर्मनीतील कामगार सायकलस्वारांचा ‘सॉलिडॅरिटेट’ हा संघ १८९६ चा; पहिल्या महायुद्धापूर्वीच त्याची सभासदसंख्या लाखावर गेली होती. १९३३ साली सत्तेवर येताच नाझींनी त्यावर बंदी घातली, यावरून त्या सायकलींचे वजन किती होते ते कळते. महाराष्ट्रातही दाखला दूरचा नाही. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातून बाबा आमटे यांनी १९८५ च्या डिसेंबरात शेकडो मैलांवरचे तरुण-तरुणी गोळा करून कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रा नेली, ती सायकलींवरच; १९८८ साली दुसरी यात्रा इटानगरहून ओखापर्यंत गेली. सहल आणि चळवळ यांच्यात वैर नाही.

परंतु बपेऱ्याच्या रस्त्यावरील सायकल रविवारची नाही. ती सोमवारची आहे. त्या सायकलीला गीअर नसतो, पुष्कळदा घंटी नसते, मागच्या कॅरिअरवर मात्र धानाचे पोते, चाऱ्याचा भारा, दुधाची कॅन किंवा बिडीचा माल असतो. भंडारा-गोंदियाचा बिडीधंदा पूर्वीसारखा राहिलेला नाही, तरी घरोघरी पाने-तंबाखू आणून बिड्या वळणाऱ्या व पुन्हा ठेकेदाराकडे नेऊन देणाऱ्या बाया अजून आहेत. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने त्यांना कामगार म्हटले. ठेकेदाराच्या दारापर्यंतच्या वाटेचा हिशेब मात्र कुठल्याच कायद्याने केला नाही. उन्हाळ्यात तेंदूचा हंगाम येतो. पहाटे रानात शिरावयाचे, पाने तोडावयाची, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधून फळीवर मोजून द्यावयाचे. त्या काळात रानातल्या वाटांवर जेवढ्या सायकली दिसतात तेवढ्या कोणत्याही पर्यटन विभागाला आणता यावयाच्या नाहीत.

तालुक्याच्या दुसऱ्या अंगाला चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. इंग्रज कंपनीच्या ताब्यातील या खाणींसाठी १९६२ साली सरकारी भागीदारीची ‘मॉयल’ कंपनी निघाली आणि १९७७ साली ती पूर्णतः सरकारी झाली. तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणारा रेल्वेचा फाटाही मुख्यतः या खनिजापायी पडला. खनिजाला रूळ मिळाले. पाळीवर जाणाऱ्या मजुराला डांबराची कड मिळाली, आणि तीही आता सुरक्षित उरलेली नाही.

ही कड म्हणजे नेमके काय, ते समजून घेणे आवश्यक आहे, कारण सारा प्रश्न तेथेच अडकला आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली, तिच्या मानकात सर्वसाधारण ग्रामीण रस्त्याची एकूण रुंदी साडेसात मीटर आणि त्यातील पक्क्या पृष्ठभागाची रुंदी पावणेचार मीटर धरलेली आहे. वाहतूक अगदी थोडी असेल तेथे हे आकडे कमी होतात. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून जवळजवळ तेवढीच जागा साइडपट्टीसाठी सोडलेली असते. मुरूम टाकून, पाणी मारून, दाबून ती पट्टी रस्त्याच्या पातळीला आणावयाची असते. राज्यमार्गाचे मानक वेगळे, पण साइडपट्टीची आवश्यकता तीच. प्रत्यक्षात ठेकेदाराचे लक्ष मधल्या पृष्ठभागावर असते, कारण उद्घाटनाच्या दिवशी मोटार त्यावरून धावते. मुरूम पहिल्या पावसात वाहून जातो. शेजारचा शेतकरी बांध सरकवतो, हेही खरे आहे आणि ते बोलावयास कार्यकर्त्यांनी लाजू नये. सिमेंट काँक्रीटचे रस्ते आल्यापासून तर कडेला वीतभर उंचीचा सरळ कापलेला काठ तयार होतो. समोरून वाळूचा ट्रक आला की सायकलस्वाराने त्या काठावरून खाली उतरावयाचे; पाठीमागे मूल बसलेले असेल तर दोघांनी पडावयाचे. बावनथडी आणि वैनगंगेची वाळू दूरवर जाते. तिच्या गाड्यांचा वेग आणि वजन यांची कथा या मुलखात सर्वांना ठाऊक आहे.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. या मृत्यूंची चर्चा नेहमी वाहनचालकाच्या शिस्तीपाशी येऊन थांबते. रस्त्याच्या आडव्या छेदात कोणत्या वर्गाला किती जागा दिली, हा प्रश्न कोणी काढीत नाही. जमीन सार्वजनिक, पैसा सार्वजनिक. तरीही साडेसात मीटरांपैकी वापरण्याजोगे ते सारे इंजिनाला. एके काळी नगरपालिका सायकलवर कर घेत, त्याचा पत्र्याचा बिल्ला सायकलला अडकवावा लागे, आणि रात्री दिवा नसला तर पोलीस हवा सोडून देत. कर गेला, बिल्ला गेला. आता सायकलस्वाराकडून काही घेतले जात नाही, आणि बहुधा म्हणूनच त्याला काही दिलेही जात नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो पोकळ नाही. खेड्यात आता मोटारसायकल आली. सायकल मागे पडली. ॲटलास कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली नेमका ३ जूनला, जागतिक सायकल दिनीच, बंद पडला. मग मरणाऱ्या वाहनासाठी आंदोलन कशाला? २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, त्यानंतर चित्र पालटले असेल हे मान्य करावे. पण मोटारसायकल घरात आली म्हणजे ती घरातील सर्वांची होत नाही. ती कर्त्या पुरुषाची होते. उरलेली सायकल बाईकडे, मुलीकडे, म्हाताऱ्याकडे आणि सालदाराकडे येते. सायकलस्वारांची संख्या घटली, तसा त्यांचा आवाजही घटला. गरज तेवढीच राहिली.

मुलींपुरते पाहिले तरी पुरावा भक्कम आहे. बिहारमध्ये २००६ साली नववीतील मुलींना सायकली देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून दाखविले की, योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण त्यामुळे सुमारे ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे व मुली यांच्यातील अंतर ४० टक्क्यांनी घटले. शाळा जितकी दूर, तितका सायकलचा परिणाम अधिक. तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकारंभी साक्षरता मोहिमेबरोबर हजारो शेतमजूर व खाणकामगार स्त्रिया सायकल शिकल्या. त्या वेळी त्यांच्यावर शेरे मारणारे पुरुषही पुष्कळ होते. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतील मुलींना सायकली मिळाल्या, हे काम चांगलेच झाले. फक्त सायकल देणारा विभाग एक, रस्ता करणारा दुसरा, आणि मुलगी दोघांच्याही खात्यात अर्धवट. सायकल मिळाली तरी ट्रकांच्या रस्त्याने बारा-तेरा वर्षांची मुलगी पाठवावी की नाही, याचा निर्णय शेवटी आई करते, आणि ती पृष्ठभाग पाहत नाही, कड पाहते.

शहरांसाठी २००६ चे राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण आहे. वाहने हलविण्यापेक्षा माणसे हलविणे महत्त्वाचे, असे त्यात स्वच्छ म्हटले आहे. २०२० मध्ये स्मार्ट शहरांना सायकलपथांची स्पर्धाही लावून झाली. ग्रामीण सायकलस्वारासाठी असे एकही धोरण नाही. जणू काही सायकल हे वाहन शहरात आल्यावरच आधुनिक होते.

आता पुन्हा पर्यटनाकडे. फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या काठाने सुमारे ९०० किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. जुने राजवाडे, द्राक्षमळे, खेडी यांतून तो जातो. प्रादेशिक सरकारांनी सार्वजनिक पैशातून तो उभारला. प्रवासी तेथे एका दिवसात थोडेच अंतर कापतो, त्यामुळे जेवण आणि मुक्काम यांचा पैसा वाटेवरच्या लहान गावांत पडतो. मोटारीचा पर्यटक याच्या उलट. तो नागपुरात जेवून येतो आणि नागपुरात झोपावयास जातो, गावाला धूळ मिळते. हा अर्थशास्त्रीय फरक ध्यानात घेतला तर बपेरा-सिहोरा पट्ट्यासाठी सायकलमार्ग ही गंभीर मागणी ठरते. मात्र ल्वारकाठच्या मार्गाचा उपयोग पर्यटकाइतकाच स्थानिक माणसाला होतो. इकडे धोका असा की, मार्ग म्हणजे कमान, रंगीत पट्टा, सेल्फीचा कोपरा आणि कुंपणाआडचा विश्रामधाम एवढेच समजले जाईल. चांदपूरच्या जलाशयात बावनथडीचे पाणी सोंड्याटोला उपसा योजनेने चढविले जाते, ते धानाच्या बांध्यांसाठी. त्या काठावर कोणाची प्रथम मालकी, हे पर्यटनाच्या आराखड्यापूर्वीच ठरलेले असले पाहिजे.

जंगलाचा प्रश्न आणखी नाजूक. पेंच आणि नागझिरा यांच्यामधली ही वने वाघाच्या येण्याजाण्याची आहेत. रानाजवळच्या गावात मोह वेचावयास गेलेल्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि वाघाच्याही. येथे रस्ता रुंद करून वेग वाढविणे दोघांच्याही हिताचे नाही. रात्रीची जड वाहतूक बंद करणे दोघांच्याही हिताचे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाच्या सोयीच्या रस्त्यासारख्या कामांना ग्रामसभेच्या शिफारशीवरून एक हेक्टरपर्यंत वनजमीन देण्याची तरतूद केली. म्हणजे सायकलवाट कोठून न्यावी, कोठून मुळीच नेऊ नये, हे ठरविण्याचे दार ग्रामसभेला उघडे आहे. ते दार क्वचितच ठोठावले जाते.

भंडाऱ्याशी समाजवादी चळवळीचे नाते जुने आहे. १९५४ च्या पोटनिवडणुकीत येथील सर्वसाधारण जागेवरून प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता लोकसभेवर गेले. त्याच मतदारसंघातील राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले, आणि त्या विजयाची चव म्हणून कडूच राहिली. त्या पिढीचा कार्यकर्ता गावोगाव सायकलने जाई. रस्ता कोठे उखडला, पूल कोठे खचला हे त्याला विचारावे लागत नसे. त्याच्या मांड्यांना ठाऊक असे. आजचा कार्यकर्ता चारचाकीतून उतरतो, निवेदन देतो आणि चारचाकीत बसतो. निवेदनात ‘रस्त्यांची दुरवस्था’ हे शब्द असतात, मीटर नसतात.

मीटर लागतील. तुमसर-सिहोरा-बपेरा रस्त्याच्या आणि त्याला मिळणाऱ्या गावरस्त्यांच्या दोन्ही साइडपट्ट्या प्रत्येक किलोमीटरला मोजाव्यात. काठाची उंची, मुरूम आहे की नाही, अतिक्रमण कोणाचे, याची नोंद करावी. शाळेच्या वेळी आणि पाळीच्या वेळी किती सायकली जातात, त्यांत मुली किती, हे तीन दिवस सलग मोजावे. मंजूर अंदाजपत्रकाची प्रत माहितीच्या अधिकारात मागवून त्यातील साइडपट्टीची रक्कम या मोजणीशेजारी लिहावी आणि तो तक्ता ग्रामसभांत वाचावा. हे काम पावसाळ्यापूर्वी करावयास हवे, कारण नंतर मुरूम पावसाने गेला असे उत्तर मिळते. सायकली लागतील सात-आठ, दोन मोजपट्ट्या आणि वही. नागपूरचे रविवारचे सायकलस्वार येऊ म्हणाले तर त्यांनाही घ्यावे. आंबागड त्यांना परतीच्या वाटेवर दाखविता येईल.