परतीच्या वाटेचा वृत्तान्त

पूर्वी काशीयात्रेहून माणूस सुखरूप परतला की घरी मावंदे होत असे. गंगेच्या गडूची पूजा होई, आप्तेष्टांच्या पंगती उठत आणि सायंकाळी ओटीवर यात्रेकरूची हकिकत ऐकायला सारी आळी जमे. या हकिकतीत पुण्याइतकीच फजितीही असे. कोणत्या धर्मशाळेत ढेकूण आहेत, कोणता पंडा दक्षिणेत फसवतो, कोणत्या मुक्कामी पाणी बाधले, सोबतीच्या म्हाताऱ्या वाटेत कोठे आजारी पडल्या, हे सर्व मीठमसाला लावून पण न लपवता सांगितले जाई. पुढल्या वर्षी निघू पाहणारा मनुष्य कान देऊन ते ऐके व आपल्या गाठोड्यात त्याप्रमाणे फेरफार करी. अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने मला असे वाटते की, माहितीच्या देवाणघेवाणीची याहून स्वस्त आणि कार्यक्षम संस्था आपल्या समाजाने क्वचितच निर्माण केली असेल.

मराठीतील एक श्रेष्ठ प्रवासवर्णन याच ओटीवरच्या परंपरेतले आहे. विष्णुभट गोडसे वरसईकर १८५७ साली कोकणातून उत्तरेकडे निघाले ते दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे या हेतूने. त्यांच्या वाट्याला आले ते बंड, झाशीचा वेढा आणि वारंवार झालेली लूट. चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात गोडसे भटजींनी आपली भीती, उपासमार व नागवणूक कोठेही झाकलेली नाही. ज्या हेतूने निघालो तो हेतू फसला, हे त्यांनी सरळ सांगितले. त्या पुस्तकावर आपण आजही विश्वास ठेवतो त्याचे एक कारण हेच असावे.

आज प्रवास पुष्कळ वाढला आहे. शिक्षक, कारकून, विद्यार्थी असे बेताच्या उत्पन्नाचे लोकही हिमालयात जाऊन येतात, सह्याद्रीतील गडांवर तर दर रविवारी जत्रा असते. ही गोष्ट मी चांगलीच मानतो. चार मित्रांनी वर्गणी काढून, एकाच शिध्यावर व एकाच तंबूत आठ दिवस काढावेत यासारखे शिक्षण कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. सांगणेही कमी झालेले नाही, उलट वाढले आहे. प्रवासी गडावरून उतरण्याच्या आत त्याची छायाचित्रे सगेसोयऱ्यांच्या भ्रमणध्वनीवर पोचलेली असतात. मात्र या सांगण्यातून एक भाग हळूहळू गळाला आहे. शिखर सांगितले जाते, परतीची वाट सांगितली जात नाही. कोण कोठे घाबरला, कोणाचा अंदाज चुकला, कोठून माघारी फिरावे लागले, याचे छायाचित्र कोणी काढत नाही आणि काढले तरी दाखवत नाही.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक महत्त्वाचा विचार मांडला. गाडीतला दोष विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. माहितीच्या या विषमतेमुळे बाजारच बिघडतो. पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले त्यात या लेखाचा मोठा वाटा होता. वर्गात हा भाग शिकवताना मी नेहमी मोटारीचेच उदाहरण देतो. परंतु गेल्या काही दिवसांपासून माझ्या मनात त्या ठिकाणी प्रवासाची गोष्ट येते. येथे काही विकले जात नाही हे खरे. पण सांगणाऱ्याला मोबदला मिळतोच, तो प्रतिष्ठेच्या रूपाने. दोष सांगितला की प्रतिष्ठेचा भाव उतरतो, म्हणून दोष सांगितला जात नाही. किंमत मोजतो तो ऐकणारा.

या वगळण्याचे एक मोठे उदाहरण गिर्यारोहणाच्या इतिहासातच आहे. ३ जून १९५० रोजी मोरीस एरझोग व लुई लाशनाल हे दोन फ्रेंच गिर्यारोहक अन्नपूर्णेच्या शिखरावर पोचले. आठ हजार मीटरांवरील शिखर मानवाने प्रथमच सर केले होते. उतरताना दोघांचेही हातपाय हिमदंशाने सापडले. एरझोग यांची हातापायांची बोटे गेली, लाशनाल यांच्या पायांची बोटे गेली. इस्पितळातील बिछान्यावरून एरझोग यांनी सांगून लिहवलेले ‘अन्नपूर्णा’ हे पुस्तक जगभर गाजले. बंधुत्व, त्याग आणि राष्ट्राचा गौरव यांची ती उदात्त कथा वाचून कित्येक तरुण डोंगराकडे वळले. मोहिमेतील इतरांनी मात्र पाच वर्षे काही प्रसिद्ध करू नये, असा करार निघण्यापूर्वीच करून घेतलेला होता. लाशनाल १९५५ साली आल्प्समध्ये हिमदरीत पडून मरण पावले. पुढल्या वर्षी त्यांच्या टिपणांचे पुस्तक निघाले, तेही एरझोग यांच्या भावाने कात्री लावून. मूळ टिपणे जशीच्या तशी छापली गेली ती १९९६ साली, म्हणजे घटनेनंतर सेहेचाळीस वर्षांनी.

त्या टिपणांतून कळले ते असे की, शिखराच्या अलीकडे पाय बधिर होत चालले असताना लाशनाल यांना मागे फिरायचे होते. ते धंद्याने वाटाडे होते. पाय हेच त्यांचे भांडवल. आपण परतलो तर सोबती काय करील, हे त्यांनी विचारले तेव्हा तो एकटाच पुढे जाणार हे स्पष्ट झाले. एकटा गेला तर तो परत येणार नाही या विचाराने लाशनाल त्याच्याबरोबर गेले. ना शिखरासाठी, ना देशासाठी. मित्र परत यावा एवढ्यासाठी. माझ्या मते सबंध मोहिमेतील सर्वांत थोर कृत्य हेच होते, आणि अधिकृत वृत्तान्तात त्यामागचा हा हेतू आला नाही. कारण ते सांगायचे तर मागे फिरण्याची इच्छा हीही शहाणपणाची असू शकते, हे कबूल करावे लागले असते.

एरझोग यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. त्याचे कारण सांगणे मला जड जाते, तरीही सांगतो.

२०२२ च्या जून महिन्यात आम्ही चौघे मित्र मनालीजवळच्या हम्ता खिंडीच्या वाटेने गेलो. मनाली दोन हजार मीटरांच्या आसपास, खिंड सुमारे ४२७० मीटरांवर. तिसऱ्या मुक्कामी, खिंडीच्या पायथ्याशी, आमच्यातील एकाचे डोके दुखू लागले, रात्री दोनदा वांती झाली. सकाळी तो बुटाची नाडी बांधू शकेना, चालताना झोकांड्या खाऊ लागला आणि तरीही ‘वर जाऊ’ म्हणत राहिला. बरोबरच्या स्थानिक वाटाड्याने एका नजरेत ओळखले व आमचे सामान न विचारता खालच्या दिशेला उचलले. विरळ हवेचा हा विकार अडीच हजार मीटरांच्या वर कोणालाही, अगदी धडधाकट माणसालाही, होऊ शकतो. मेंदूला सूज येते किंवा फुप्फुसात पाणी भरते, आणि खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे ताबडतोब खाली उतरणे. हे सारे मला नंतर वाचून कळले. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, हा साधा नियमही मला तेव्हा माहीत नव्हता. मित्र दुपारपर्यंत खाली येताच माणसात आला.

घरी परतल्यावर आम्ही चौघांनी एकच गोष्ट सांगितली: ‘पाऊस लागला म्हणून परत फिरलो.’ तसे ठरवले होते असेही नाही. मित्राच्या पत्नीला धसका बसू नये, आपलीही शोभा होऊ नये, एवढाच विचार. प्राध्यापकांच्या खोलीत मी हिमफुलांचे वर्णन केले, मेंढपाळांच्या चहाचे केले. दिवाळीत भाऊबीजेला बहिणीकडे तेच रंगवून सांगितले. माझा भाचा तेव्हा पदवीच्या शेवटच्या वर्षाला होता. तो शेजारी बसून ऐकत होता.

दोन वर्षांनी तो त्याच वाटेने निघाला. २०२४ च्या जूनच्या आरंभी उत्तराखंडातील सहस्रताल येथे हवामान बिघडून कर्नाटकातील नऊ पदयात्री मृत्युमुखी पडले होते. ती बातमी वाचून बहिणीने मला विचारले, “दादा, पोरं जातायत तिकडे तसं काही नाही ना?” मी म्हणालो, “ती वाट निराळी, ही सोपी. आम्ही जाऊन आलो की.”

त्याचे डोके दुखले, मळमळले. त्याने आणि त्याच्या मित्रांनी काय निदान केले असेल? पित्त! आपल्याकडे जागरण झाले, चहा जास्त झाला, ऊन लागले की जे होते तेच. लिंबाचे सरबत घेऊन तो खिंड चढला. पलीकडच्या मुक्कामी, तेही जवळजवळ चार हजार मीटरांवर, रात्री त्याला बसल्या जागी धाप लागू लागली. सकाळी त्याला पाठुंगळी घेऊन छत्रूपर्यंत आणले गेले, तेथून गाडीने नव्या बोगद्यातून मनालीच्या इस्पितळात. फुप्फुसात पाणी झाले होते. आज तो उत्तम आहे, नोकरीला लागला आहे. घरी आल्यावर त्याने सहज विचारले, “मामा, तुमच्यात कोणाला असं काही झालं नव्हतं?” तेव्हा मी खरे सांगितले. बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काही बोलली नाही. पानं वाढली आहेत, एवढेच म्हणाली.

पाऊस लागला ही थाप नव्हती, पाऊस खरोखरच लागला होता. वगळलेल्या वृत्तान्ताचे हेच वैशिष्ट्य असते की त्यात खोटे असे काहीच नसते.

सह्याद्रीत उंचीचा विकार नाही, पण वगळण्याची रीत तीच. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावरून कोणी घसरतो, कोणी धबधब्याखाली सापडतो. मग शोध घेणारे कोण असतात? बहुतेक वेळा गिर्यारोहण संस्थांचे स्वयंसेवक, जे आपली रजा व पदरचे पैसे खर्च करून रात्री-बेरात्री निघतात. आणि पायथ्याच्या वाडीतले शेतकरी. जखमीला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणायचे तर आठ-दहा माणसे लागतात, अख्खा दिवस जातो. जुलै हा सहलींच्या भराचा महिना, आणि भाताच्या लावणीचाही तोच. एक दिवसाची लावणी बुडणे म्हणजे काय, हे ज्याचे पोट त्यावर आहे त्यालाच ठाऊक. हा खर्च सहलीच्या वर्गणीत कोणी धरत नाही, आणि परतल्यावर सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत त्या वाडीचे नावही नसते. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातले. गर्दी आणखी वाढेल, वाढावीही. वाडीतल्या हातांची संख्या मात्र तेवढीच राहील.

यावर एक आक्षेप माझ्या विद्यार्थिनींनीच घेतला आणि तो मला मोलाचा वाटतो. त्या म्हणाल्या, “सर, सगळं खरं सांगितलं तर आम्हांला घरून पुन्हा सोडणार नाहीत.” मुलाने पाय मुरगळून आणला तर ती मर्दुमकी, मुलीने आणला तर तिचा शेवटचा गड. तेव्हा मुलींनी लपवण्याचा दोष मुलींच्या माथी मारता येणार नाही. घरातल्या ऐकणाऱ्यानेही ऐकण्याची लायकी मिळवावी लागते. काही जणी तर ‘महाविद्यालयाचे शिबिर आहे’ असे सांगून गडावर जातात. हे मला जास्त धोक्याचे वाटते, कारण काही बरेवाईट झाले तर शोध कोठून सुरू करायचा हेच घरच्यांना माहीत नसते. डोंगरात हरवलेल्याला शोधायला जाणाऱ्यांचा पहिला प्रश्न ‘कोणत्या वाटेने चढले?’ हाच असतो, आणि पुष्कळदा त्याचे उत्तर देणारे कोणी नसते.

आमच्या महाविद्यालयात या पावसाळ्यापासून आम्ही एक लहानशी प्रथा सुरू केली आहे. सहलीला निघणारा गट एका कागदावर नावे, चढण्याची वाट, उतरण्याची वाट, पायथ्याच्या गावातील एका माणसाचे नाव आणि परतीची वेळ लिहून ग्रंथालयात ठेवतो. परत आल्यावर त्याच कागदाच्या मागील बाजूस काय चुकले ते लिहायचे. पहिल्या काही कागदांची मागील बाजू कोरीच आली. मग मी हम्त्याचा माझा कागद लिहून त्या गठ्ठ्याच्या वर ठेवला, मित्राची परवानगी घेऊन. पुढच्या आठवड्यात राजगडाहून आलेल्या गटाने लिहिले होते: पाणी कमी नेले, अंधार पडला, दोघे रडले, विजेरी एकच होती.