शिकणाऱ्या लेकराच्या हाती थंड आयर्न देऊ नका

“शिकायचंच तर आहे, ते दोनशेवालं द्या.” हिंगोलीच्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत हे वाक्य मी किती बापांच्या तोंडून ऐकलं असेल, त्याची मोजदाद नाही. दुकानदार फळीवरून पंचवीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न काढतो. दोन पिनांचा प्लग, टोकाला सुईसारखी बिट. सोबत सोल्डर वायरची छोटी गुंडाळी आणि पेस्टची डबी. लेकरू ती पिशवी मांडीवर घेऊन आमच्या सिद्धेश्वर गावाच्या गाडीत बसतं. त्या वाक्यात बापाची माया आहे, काटकसरही आहे. पण त्यात एक चूक आहे आणि ती भोगावी लागते लेकराला. म्हणून हे लिहितो आहे.

आधी समोरच्या बाजूचं म्हणणं पुरतं मांडतो, कारण ते पोकळ नाही. लेकराचा नाद टिकेल की नाही हे कुणाला ठाऊक? चार दिवसांनी कोपऱ्यात पडायचं असेल तर हजार रुपये का घाला? शिवाय साध्या आयर्नचं एलिमेंट जळालं तर नवं थोडक्या पैशांत गावातला मिस्त्रीच बसवून देतो. आणि शेवटचं ठेवणीतलं उत्तर म्हणजे, “हात पाहिजे, आयर्न कसलंही चालतं.”

हे शेवटचं उत्तर मी ज्यांच्याकडे काम शिकलो त्या मिस्त्रींचंही होतं. वीज गेली की ते तांब्याची जाड बिट रॉकेलच्या स्टोव्हवर तापवून रेडिओचे जोड मारायचे. ते जोड आजही निघत नाहीत. पण त्यांचं बोलणं आपण अर्धवट ऐकतो. बिट किती तापली हे त्यांना राळेच्या धुरावरून कळायचं. तांबं वितळलेल्या कथिलात विरघळतं, त्यामुळे उघड्या तांब्याच्या बिटेला खड्डा पडतो. तो ते दर दोन-तीन दिवसांनी कानशीने घासून काढायचे. आयर्नला जे येत नव्हतं, ते त्यांचा वीस वर्षांचा हात भरून काढत होता. नवख्याकडे नेमका तोच हात नसतो. ज्याला येतं त्याला वाईट हत्यार चालतं. ज्याला अजून यायचंय त्याला ते चालत नाही. आपण नेमकं उलटं करतो, वाईट हत्यार शिकाऊला देतो आणि चांगलं उस्तादासाठी राखून ठेवतो.

आता आमच्या गावाचं सांगतो, कारण ही चूक इथे पुण्या-मुंबईपेक्षा जास्त महाग पडते. पूर्णा नदीवर वर येलदरीचं धरण आणि खाली आमचं सिद्धेश्वरचं. या पाण्याच्या भरवशावर रब्बीत गहू-हरभरा उभा राहतो आणि शेतीची लाईन आली की मोटारी एकदम सुरू होतात. त्या वेळी माझ्या घरच्या सॉकेटमध्ये मीटर लावला तर २३० च्या जागी १८० व्होल्ट दिसलेले आहेत. सहा-सातच्या सुमारास बल्ब मिणमिणला की आपण म्हणतो, ‘व्होल्टेज नाही.’ आयर्नचं मात्र काही दिसत नाही. ते तसंच काळं, तसंच गप्प असतं.

पण आत काय होतं ते पाहा. साध्या आयर्नमध्ये तारेचं एक वेटोळं असतं, दुसरं काही नाही. व्होल्टेज घटलं की त्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. १८० भागिले २३०, त्याचा वर्ग साधारण ०.६१. म्हणजे डबीवर पंचवीस वॅट छापलेलं आयर्न त्या संध्याकाळी पंधरा वॅटचं झालेलं असतं. मध्यरात्री मोटारी बंद झाल्या आणि व्होल्टेज २५० वर गेलं, तर तेच आयर्न साडेएकोणतीस वॅटचं होतं. एकच वस्तू, एकच हात, आणि संध्याकाळपेक्षा रात्री जवळपास दुप्पट ताकद. यावर कुणी काय शिकणार?

नववीतल्या एका मुलीची गोष्ट सांगतो. घरची पाण्याची टाकी भरली की समजावं म्हणून ती लेव्हल इंडिकेटर बनवत होती. तीन एलईडी, तीन बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, थोडे रेझिस्टर, बाकी तारा. पुस्तकातली गोष्ट. शाळेतून आल्यावर सातच्या सुमारास बसायची. सोल्डर बिटेवर वितळायचं, पण पीसीबीवर पसरायचं नाही, गोळी होऊन बसायचं. ट्रान्झिस्टरचा पाय हलवला की जोड सुटायचा. दुरुस्तीवाले याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. मग ती आयर्न तिथेच दाबून धरायची, दहा-दहा सेकंद. जोड तर व्हायचा नाहीच, उलट खालचा तांब्याचा ट्रॅकच बोर्डवरून उचकटून यायचा. तिसरा बोर्ड वाया गेल्यावर ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “काका, माझा हातच बसत नाही.”

तिचा हात बसत होता. मी तिला रविवारी सकाळी नऊला, व्होल्टेज चांगलं असताना बोलावलं, तेच आयर्न दिलं आणि पहिल्याच प्रयत्नात चमकदार, चपटा, पायाला बिलगलेला जोड झाला. तिचे डोळे पाहिले तेव्हा मला आनंद झाला आणि रागही आला. दोनशे रुपयांच्या वस्तूने त्या पोरीला तीन आठवडे पटवलं होतं की तिच्यात काहीतरी कमी आहे. स्वस्त आयर्नची खरी किंमत मी यात मोजतो. ट्रॅक उचकटलेला बोर्ड पन्नास रुपयांत नवा येतो. ‘मला जमत नाही’ हे मनात बसलं की ते काढायला वर्षं जातात.

“मग वॅट वाढवा, साठवालं घ्या,” असं दुकानात लगेच सुचवतात. हा दुसरा गैरसमज. वॅट म्हणजे उष्णतेचा पुरवठा. बिट किती तापेल हे फक्त वॅटवर ठरत नाही. साठ वॅटचं साधं आयर्न लावून ठेवलं तर बिट तापतच राहते, काळी पडते, राळ क्षणात जळते आणि सोल्डर तिला शिवतही नाही. कपड्यांच्या इस्त्रीची आठवण करा. ती हजार वॅटची असली तरी टेरिकॉट जळत नाही, कारण आत थर्मोस्टॅट आहे: टिक् करून बंद, टिक् करून चालू. आपल्याला हवी आहे ती ही व्यवस्था. ताकद भरपूर, पण लगाम असलेली.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. शिकाऊसाठी साठ वॅटच्या आसपासचं, सेन्सर असलेलं, तापमान ठरवता येणारं, बिट बदलता येणारं आयर्न घ्या. मुठीवरच गोल बटण किंवा छोटा पडदा असतो, वेगळं स्टेशन लागत नाही. माझ्या पाहण्यात ही आयर्नं सातशे ते हजार-बाराशेच्या दरम्यान मिळतात. १८० व्होल्टला साठ वॅटचे सदतीस वॅट उरतात, आणि छोट्या पीसीबीला तेवढे पुरून उरतात. सेन्सर बिट ३३० अंशांवर धरून ठेवतो, मग बाहेर सगळ्या शिवारातल्या मोटारी चालू असोत की बंद.

इथे फसवणुकीची एक जागा आहे. काही आयर्नच्या मुठीवर बटण असतं, पण आत सेन्सर नसतो. ते नुसतं पंख्याच्या रेग्युलेटरसारखं वीज कमी-जास्त करतं. त्याने आपलं दुखणं जात नाही. दुकानातच तपासा. आयर्न तापू द्या, मुठीवरचा हीटरचा दिवा विझू किंवा लुकलुकू द्या, मग बिट ओल्या स्पंजावर टेकवा. दिवा लगेच पुन्हा पेटला, म्हणजे आयर्नला बिट थंड झाल्याचं कळलं. ज्याचा दिवा अखंड जळतो आणि काहीच बदलत नाही, ते ठेवून द्या. दुकानदार मामा थोडे कुरकुरतील, कुरकुरू द्या.

पलीकडच्या टोकालाही मला उत्तर द्यायचं आहे. शहरात शिकून आलेली आमची काही मुलं म्हणतात की घ्यायचं तर नामांकित जपानी स्टेशनच घ्या, नाहीतर घेऊच नका. कारखान्यात दिवसाला हजार जोड मारणाऱ्या कामगाराला ते बरोबर आहे. आठवड्याला वीस जोड मारणाऱ्या लेकराला नाही. हाक्को कंपनीच्या ९३६ या स्टेशनची रचना इतकी चालली की तिच्या मापाच्या बिटा आज सगळ्या जगात स्वस्तात मिळतात, आणि आपल्या हजाराच्या आयर्नमध्येही बऱ्याचदा त्याच बसतात. महाग यंत्राचा फायदा असा गरिबाच्या घरापर्यंत पोचलेला आहे. तो घ्यावा, उगाच अडून बसू नये. यूएसबी-सीवर चालणारी छोटी आयर्नं आहेत, तीही उत्तम आणि पॉवर बँकेवर वीज नसतानाही चालतात, पण चांगला चार्जर धरून खर्च फार वर जातो. ती दुसरी पायरी.

साध्या आयर्नचं एलिमेंट गावात मिळतं, या आयर्नचा हीटर मिळत नाही, हा आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो. त्यावर युक्तिवाद चालत नाही, तयारी चालते. आयर्न घेतानाच एक जादा हीटर आणि एक जादा बिट घेऊन ठेवा. बिट घेताना सुई नको, दोन-अडीच मिलिमीटरची छिन्नी घ्या. सुईचं टोक पायाला टिचभर लागतं, उष्णता जातच नाही. छिन्नीची धार पायाला आणि ट्रॅकला एकदम टेकते. या बिटांवर लोखंडाचा मुलामा असतो. माझ्या मिस्त्रींची कानस इथे चालवू नका, एका घासण्यात मुलामा जाईल आणि आतलं तांबं कथील खाऊन टाकेल. पितळी तारेच्या चोथ्यात पुसा आणि बंद करताना टोकावर ताजं सोल्डर ठेवून बंद करा.

सोल्डरमध्ये कंजूषपणा करू नका, हे मी आयर्नपेक्षाही ठासून सांगेन. ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं असलेली, ०.८ मिलिमीटरची, पोटात राळ असलेली वायर घ्या. ती १८३ अंशांना एकदम वितळते आणि एकदम घट्ट होते. मधल्या लापशीसारख्या अवस्थेत पाय हलला म्हणून जोड बिघडत नाही. बिनशिशाची वायर २१७ अंशांच्या पुढे वितळते, हात बसल्यावर तिकडे वळावं. राळेचं काम आपल्या आज्यांना माहीत होतं. कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकायचा, मळ धुरासारखा उडायचा, मगच कथील चढायचं. राळ तेच करते. पण नवसागर किंवा पत्र्याच्या कामाची तेजाबी पेस्ट पीसीबीवर कधीच लावू नका, ती ट्रॅक खात राहते. धूर शिशाचा नसतो, राळेचा असतो. पण तो छातीला त्रास देतो, म्हणून खिडकीजवळ बसा. शिसं पोटात जातं ते बोटांवरून. काम झालं की साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही.

अर्थिंगचं एक राहिलं. तीन पिनांचं आयर्न घेतलं तरी घरची अर्थिंग मेलेली असेल तर तिसरी पिन शोभेची. आमची काळी जमीन मे महिन्यात हातभर भेगाळते, तेव्हा मीठ-कोळशाच्या खड्ड्यात आठवड्याला दोन घागरी पाणी ओतावं लागतं. नाजूक आयसी वाचतात, आणि लेकरूही.

“एवढं कशाला? पोरगं काय शास्त्रज्ञ होणार आहे?” असं मला पारावर विचारलं गेलं आहे. नदीकाठच्या मोटारीचा ऑटो-स्टार्टर बंद पडला की तो हिंगोलीला न्यायचा, दोन दिवस पिकाने वाट पाहायची, आणि बिघाड काय, तर थरथरीने सुटलेला एक जोड. तो गावातच जोडला गेला पाहिजे. शास्त्रज्ञाचं म्हणाल, तर लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा आमच्याच औंढा नागनाथ तालुक्यात होते आहे. ६ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहून सूक्ष्म फरक मोजायचा. तिथे आमच्या लेकरांनी फक्त फाटकावर उभं राहायचं, हे मला मान्य नाही. आणि खेड्यात हे जमतं: पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ पासून खेड्यातल्या मुलांच्या हातात खरी अवजारं आणि खरी कामं दिली. २००२ मध्ये तिथे फॅब लॅब उभी राहिली, अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या पहिल्या काही लॅबपैकी एक. पुणे जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावात हे झालं.

ज्याच्या खिशात खरोखर अडीचशेच रुपये आहेत, त्याने पंचवीस वॅटवालं जरूर घ्यावं, सकाळच्या चांगल्या व्होल्टेजला वापरावं आणि जोड बसला नाही तर आधी मीटर पाहावा, मग हाताला दोष द्यावा. ज्याला हजार परवडतात, आणि जो तेवढेच पैसे मोबाईलच्या कव्हर-काचेवर घालतो, त्याने मात्र ‘शिकायचंच तर आहे’ म्हणू नये.

हिंगोली, औंढा आणि वसमतच्या दुकानदार मामांना एक विनंती. फळीवर ९३६ च्या मापाच्या पाच-सहा छिन्नी बिटा आणि दोन हीटर ठेवा. विकले जाणार नाहीत अशी भीती असेल तर पहिले दोन हीटर मी घेतो, पैसे आगाऊ देतो. ती नववीतली मुलगी आता दहावीत आहे, आणि तिला पावसाळ्याआधी शेजारच्या तीन घरांच्या टाक्यांना इंडिकेटर लावायचे आहेत.