बुडवायचे जहाज आणि आपले शेततळे

परवा बाजाराच्या दिवशी वैजापुरात चहाच्या टपरीवर एका आप्पांनी मला अडवले. म्हणाले, "साहेब, सरकार चांगलं लोखंडी जहाज समुद्रात बुडवाया निघालं म्हणे. भंगारात घातलं तर चार पैसे तरी येतील!"

आप्पांचा हिशेब खोटा नाही, पण अर्धा आहे. हे जहाज म्हणजे आपल्या नौदलाचे 'गुलदार'. पोलंडात बांधलेले, १९८५ साली नौदलात आले. रणगाडे आणि जवान थेट किनाऱ्याला उतरवायचे, हे त्याचे काम. लांबी सुमारे ८४ मीटर. जानेवारी २०२४ मध्ये ते सेवेतून निवृत्त झाले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवार येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या स्वाधीन झाले. सिंधुदुर्गात निवतीजवळच्या समुद्रात ते तळाला बसवायचे, त्यावर माशांना घर करायचे आणि पाण्यात बुडी मारणाऱ्या पर्यटकांना ते दाखवायचे, अशी ही योजना.

आता लोखंडात मासा कसा राहणार? तुमच्या विहिरीत पडलेले जुने लाकूड आठवा. त्यावर शेवाळ धरते की नाही? तसेच हे. समुद्राचा तळ बऱ्याच ठिकाणी नुसता गाळ आणि वाळूचा. चिकटून राहणाऱ्या जीवांना तेथे आधार नसतो. कठीण वस्तू मिळाली की आधी शेवाळाचा चिकट थर बसतो, मग शिंपले, स्पंज, मऊ पोवळी येतात. ते खायला आणि लपायला लहान मासे, त्यांच्यामागे मोठे. शेततळ्यात बांबू रोवून त्यावरच्या शेवाळावर रोहू पोसण्याची पद्धत याच तत्त्वावर आहे. मात्र जहाजापाशी मासे खरोखर वाढतात की आजूबाजूचेच येऊन जमतात, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. नुसतेच जमत असतील आणि त्यावर जाळी पडली, तर मासा लवकर संपेल. म्हणून तेथे मासेमारीला आवर हवाच, असे माझे मत.

दुसरी गोष्ट सफाईची. बुडवण्याआधी जहाजातले तेल, वायरी, विषारी रंग, सुटे सामान सगळे काढावे लागते. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ १९७० नंतरच्या दशकात माशांसाठी म्हणून सुमारे वीस लाख जुने टायर समुद्रात टाकले. बांधलेले पट्टे तुटले, टायर लाटांबरोबर घरंगळत जाऊन जिवंत पोवळ्यांवर आदळू लागले. पुढे पाणबुडे लावून ते वर काढण्याची पाळी आली. तेव्हा 'माशांना आसरा' म्हणून शेततळ्यात टायर किंवा औषधाचे रिकामे डबे टाकू नका. बांबू पुरे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. पर्यटकांसाठी जहाज बुडवताना त्याची दारे काढून टाकतात, भिंतींना मोठी भोके पाडतात. आत गेलेल्या माणसाला कोणत्याही खोलीतून उजेड दिसावा आणि बाहेर पडता यावे, म्हणून. पाठीवर हवेची टाकी, सोबत जोडीदार, अंगात प्रशिक्षण, आणि तरीही आधी बाहेरची वाट पाहतात.

आपल्या तालुक्यात मात्र प्लॅस्टिकचा कागद घातलेली शेततळी आहेत आणि बऱ्याच तळ्यांना बाहेरची वाटच नाही. त्या कागदावर शेवाळ धरले की पट्टीच्या पोहणाऱ्याचाही पाय ठरत नाही. हात मारमारून माणूस दमतो. पोरगं पाणी बघायला वाकते, एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात.

आप्पांना मी विचारले, "तुमच्या तळ्याला दोर आहे का?"

"तारेचं कुंपण घातलंय की, साहेब."

"कुंपण आत जाऊ देत नाही. आत पडलेल्याचं काय?"

आप्पा गप्प झाले. मग दोघे मिळून दुकानात गेलो. बोटाएवढा जाड नायलॉनचा दोर घेतला. हातभर अंतरावर गाठी मारायच्या, वरचे टोक बांधावरच्या पक्क्या खुंटाला, खालचे पाण्यात तळापर्यंत. असा एकेक दोर चारही बाजूंना. शिवाय हवा भरलेली जुनी ट्यूब दोराला बांधून पाण्यावर सोडायची. पैसे देताना आप्पांनी घासाघीस केली नाही, याचे मला नवल वाटले. दोर खांद्यावर टाकून ते म्हणाले, "नातवंडं सुट्टीला यायचीत. आजच बांधतो."