पेटीतला मासा कालव्यात नको



ऊस विकास विभागाने बेणे, खते, हुमणी यांवर लिहावे. माशांवर काय लिहिणार, असे कोणी म्हणेल. पण गोष्ट आपल्या पाण्याची आहे, म्हणून लिहितो आहोत.

परवा शिवारफेरीत एका सभासदांच्या शेततळ्यावर थांबलो. त्यांचे चिरंजीव पनवेलला नोकरीस असतात. घर बदलताना काचपेटीतला मोठा झालेला मासा टाकायचा कुठे? नातवंडे म्हणाली, वडाळे तळ्यात सोडू. आजोबा म्हणाले, "मुका जीव आहे, आपल्या तळ्यात जगेल." बादलीतून गावी आणला. भावना चांगली, मासा मात्र 'सकर' निघाला.

हा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा. काचेवरचे शेवाळ खातो म्हणून दुकानात बोटाएवढा विकतात, पुढे दीड फुटापर्यंत वाढतो. अंगावर हाडाचे कवच, काटेरी पर, आणि पाण्याबाहेरही तासन् तास तग धरतो. उजनीच्या जलाशयात तो कधीच पोचला आहे. तिथल्या मच्छीमार बांधवांना विचारा : जाळी फाडतो आणि बाजारात गिऱ्हाईक नाही. चिलापीही परदेशीच, पण ती विकून चार पैसे तरी मिळतात.

आम्हांला खरी धास्ती काठांची आहे. विणीच्या वेळी नर काठाच्या मातीत खोल बीळ कोरतो, मादी त्यात अंडी घालते. फ्लोरिडात आणि मेक्सिकोत अशा बिळांनी काठ ढासळले आहेत. आपले पाट आणि बांध मातीचेच आहेत ना?

एका माशाने काय होते, असे म्हणू नका. एकट्याने वंश वाढत नाही हे खरे. पण घराघरांतून एकेक आला की जोडी जमते. गाजर गवत पुण्यात १९५५ साली प्रथम नोंदले गेले. आज ते नाही असा बांध दाखवा! जलपर्णीही शोभेची म्हणूनच आणलेली.

डासांसाठीचे गप्पी मासेही तिकडचेच. ते बंद हौदात, टाकीत जरूर ठेवा. ओढ्यात ओतू नका.

त्या सभासदांच्या तळ्याला प्लास्टिकचा कागद आहे, म्हणून मासा अजून तिथेच आहे. पावसात तळे भरून वाहण्याआधी जाळे लावून तो काढायचे त्यांनी कबूल केले आहे. इतरांनीही पेटीतला मासा नकोसा झाला तर दुकानदारास परत द्यावा किंवा पाळणाऱ्या दुसऱ्यास द्यावा. नदी, कालवा, तळे यांत सोडू नये, आणि शहरातल्या मुलाबाळांनाही हे बजावून सांगावे, ही आमची कळकळीची विनंती.