टीव्ही घेताना आधी खोली पाहा

दिवाळी जवळ आली की सालमियापासून फहाहीलपर्यंत दुकानांवर सवलतींचे फलक लागतात आणि मंडळाच्या कार्यक्रमात कोणीतरी विचारतेच, "सर, ओलेड घ्यावा की क्यूलेड?" भौतिकशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. माझे मत असे की, टीव्ही कोणत्या खोलीत लागणार आणि त्यावर कोण काय पाहणार, हे आधी ठरवावे. निम्मी निवड तिथेच होते.

नावांचा गोंधळ प्रथम दूर करू. एलसीडी पडद्यातील द्रवस्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीत. मागच्या दिव्यांचा प्रकाश ते खिडकीच्या झडपांसारखे कमीजास्त अडवतात. 'एलईडी टीव्ही' हाही एलसीडीच, फक्त मागचे दिवे एलईडीचे. क्यूलेड म्हणजे त्याच रचनेत क्वांटम डॉट्सचा थर. त्याने रंग खुलतात. या कणांच्या शोधाला २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, पण नोबेलमुळे पडद्यावरचा काळा रंग अधिक काळा होत नाही! मिनी-एलईडीमध्ये मागचे दिवे बारीक आणि पुष्कळ असतात, ते गटागटाने मंद करता येतात. ओलेडमध्ये मात्र प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. म्हणून काळा खरोखर काळा दिसतो आणि बाजूच्या सोफ्यावर बसलेल्यालाही रंग तेच दिसतात.

मग ओलेडच घ्यावा का? सरसकट नाही. कुवेतचे ऊन प्रखर, आपल्या फ्लॅटच्या हॉलला खिडक्या मोठ्या. दिवसा पडदे उघडे ठेवून टीव्ही पाहणाऱ्या घरात मिनी-एलईडीची जास्तीची उजळता उपयोगी पडते. रात्री दिवे मालवून सिनेमा पाहणाऱ्यांनी ओलेड जरूर घ्यावा.

दुसरा मुद्दा घरातल्या वडीलधाऱ्यांचा. मुलांकडे राहायला आलेले आजी-आजोबा दिवसभर मराठी बातम्या लावतात. कोपऱ्यातले वाहिनीचे चिन्ह आणि खालची पट्टी तासन् तास एकाच जागी असते. ओलेडचे बिंदू वापराने झिजतात. असे वर्षानुवर्षे चालले तर त्या जागी पुसट डाग उरू शकतो. नव्या संचांत त्यावर उपाय आहेत, पण धोका पूर्ण गेलेला नाही. अशा घरात एलसीडी कुळातला संच बरा. म्हाताऱ्या माणसांना बातम्या पाहू नका म्हणण्यापेक्षा टीव्ही बदलणे सोपे!

आकाराबाबत साधा हिशोब: पडद्याच्या कर्णाच्या सुमारे दीडपट अंतरावर बसावे. ५५ इंची संचाला सात फूट पुरतात. दुकानात सगळे संच झगझगीत मोडवर लावलेले असतात. तिथे जो सर्वांत भडक, तोच घरी चांगला असे नव्हे. चित्राची पद्धत 'सिनेमा'वर ठेवायला सांगून मगच पाहावे. शिवाय पातळ संचांचे आवाज क्षीण असतात. ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्यासाठी महागड्या पडद्यातले थोडे पैसे वाचवून साउंडबार घेतला तर जास्त समाधान मिळेल.

आणि गावी नेण्यासाठी इथून टीव्ही घेऊ नका. २६ ऑगस्ट २०१३ पासून भारतात सपाट पडद्याचे टीव्ही प्रवाशांच्या मोफत सामानाच्या सवलतीतून वगळले गेले. तेव्हा जकात ३५ टक्के आणि वर उपकर अशी होती. त्यात विमानात फुटण्याची भीती आणि तिकडे दुरुस्तीची अडचण. आईवडिलांसाठी पुण्यात किंवा कोल्हापुरातच घ्या, म्हणजे दुरुस्तीला माणूस घरी येईल.

शेवटी, तंत्रज्ञानाच्या नावावर भाळू नये. प्लाझ्माचे चित्र जाणकारांना फार आवडे, तरीही २०१४ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी त्याचे उत्पादन थांबवले. आजचे सर्वोत्तमही उद्या मागे पडेल. तेव्हा उद्यासाठी जास्त पैसे मोजू नका. आज घरातली माणसे एकत्र बसून आरामात पाहू शकतील असा संच घ्या. सर्वांना दीपावलीच्या शुभेच्छा.