प्रायोजकाचा एक शब्द

१६ एप्रिल १९५९. अमेरिकेत सीबीएस वाहिनीच्या 'प्लेहाऊस ९०' मालिकेत 'जजमेंट ॲट न्युरेमबर्ग' हे नाटक सुरू होतं. नाझी न्यायाधीशांवरचा खटला. पात्रांचे ओठ हलायचे आणि मध्येच आवाज गायब व्हायचा. गाळलेला शब्द एकच: गॅस. ज्या गॅस चेंबरमध्ये लाखो ज्यू मारले गेले, त्याचं नाव घ्यायचं नाही. कारण प्रायोजकांमध्ये अमेरिकन गॅस असोसिएशन होती आणि तिला घरोघरी गॅस खपवायचा होता.

आवाज बंद करणारा वाहिनीचा इंजिनिअर होता. मीही इंजिनिअर आहे, म्हणून हा किस्सा मला हसण्यावारी नेता येत नाही.

नांदगाव खंडेश्वरला गणपतीत आम्ही नाटक बसवलं होतं. त्यातला शेतकरी म्हणतो, "बियाणं तं उगवलंच नाही, आता कर्ज काय मातीतून काढू?" मंडप आणि साऊंडचा खर्च एका कृषी केंद्रवाल्यानं उचललेला. तालमीत एक दादा म्हणाले, "त्यायच्याच पैशानं मंडप टाकाचा आन त्यायलेच बोलाचं, बरं दिसते काय?" स्क्रिप्ट माझ्या लॅपटॉपवर होती. ओळ मीच डिलीट केली. कोणी धमकी दिली नव्हती. दुकानदारानं तर नाटक वाचलंही नव्हतं.

'प्रायोजक नसता तर नाटकच झालं नसतं' हे म्हणणं खोटं नाही. 'क्राफ्ट टेलिव्हिजन थिएटर'नं १९४७ ते १९५८ दर आठवड्याला नवं नाटक थेट दाखवलं, ते चीज विकायलाच. आपल्या दूरदर्शनवर १९८४ साली 'हम लोग'सुद्धा प्रायोजकाच्याच पैशावर आली. पण मंडपाचे पैसे दिले म्हणून संवादावर हक्क मिळत नाही. बॅनर लावा, नाव तीनदा पुकारू. स्क्रिप्टला हात लावायचा नाही.

आणि दोष एकट्या प्रायोजकाचा नाही. आपल्याला सगळं फुकट पाहिजे. तिकडे पूर्व विदर्भात झाडीपट्टीची नाटकं थंडीत रात्रभर चालतात, गावकरी तिकीट काढून बसतात. आपण दर महिन्याला मुकाट रिचार्ज मारतो, पण गावच्या नाटकाला वीस रुपये मागितले की तोंड वाकडं करतो. मग ते वीस रुपये दुसरा कोणी भरतो आणि आपल्या तोंडचा शब्द घेऊन जातो.

यंदा मंडळात मी तिकीट लावा म्हणणार आहे. पहिलं तिकीट माझं. आणि ती ओळ स्क्रिप्टमध्ये परत टाकतोय.